चंद्रीची पोर्ट

दिवाळी जवळ आली हे मला आकाशकंदिलांवरून कळत नाही. राजारामपुरीतले दुकानदार ते हल्ली दसऱ्याच्या आधीच टांगतात. मला दिवाळी कळते ती माझ्या धाकट्या भावाच्या फोटोवरून. लंडनमधल्या त्याच्या घरचं जेवणाचं टेबल, त्यावर ओळीनं उभ्या सहा बाटल्या, वरून दिव्याचा पिवळा उजेड, आणि खाली एक ओळ : "आक्का, सुट्टीत ह्यातल्या कुठल्या उघडायच्या? तू निवड."

परवा आला फोटो. मी क्लासमध्ये दहावीच्या पोरांना वर्तुळाची प्रमेयं शिकवत होते. टेबलावरचा फोन उजळला, मी वाकून बघितलं आणि हातातला खडू मोडला. पहिल्या बाकावरची पोरगी घाबरून म्हणाली, "मॅडम, आकृती चुकली काय?" आकृती चुकली नव्हती. मी म्हटलं, "गप उतरून घे." पोरीचा काही दोष नव्हता. पण माझा राग असाच आहे, समोर असेल त्याच्यावर निघतो. ज्याच्यावर निघायला पाहिजे तो तिकडे लांब बाटल्या पुसत बसलेला असतो.

तू निवड म्हणे! मला जन्मात कुणी काही निवडायला सांगितलं नाही. कॉलेजात कुठले विषय घ्यायचे ते आबांनी ठरवलं. साडीचा रंग आईनं. बघायला आलेल्या पाहुण्यांनी मला निवडलं नाही, त्यामुळे मी कुणाला निवडायचा प्रश्न आलाच नाही. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा एकजण म्हणाला, आक्का तू निवड. आणि मी लगेच हात लांब करून निवडलं. त्याला यंदा चार वर्षं होतील. त्या दिवाळीचा वास अजून माझ्या नाकात बसलाय, घासून जात नाही.

संजूला वाईनचा नाद लागला तो तिकडं गेल्यावर. नाद असायला माझी हरकत नाही. कोल्हापुरात प्रत्येकाला कसला ना कसला नाद असतोच, कुणाला कुस्तीचा, कुणाला कबुतरांचा, कुणाला फुटबॉलचा. पण आपला नाद दुसऱ्याच्या चुलीवर आणून शिजवायचा नसतो. हा गडी महिनाभर आधी यादी पाठवायचा. वसुबारसेला पांढरी, पाडव्याला लाल, भाऊबीजेला गोड पोर्ट. चकलीबरोबर कुठली जाते, अनारशाबरोबर कुठली. जेवण आमचं आणि हुकूम बाटलीचा. एका वर्षी मटण चुलीवर असताना स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आई, तांबडा जरा बेतानं कर की. तिखटानं वाईन मरती."

आईनं ढवळायचं थांबवलं नाही. "मरू दे की," म्हणाली.

बाटली उघडली की ती तासभर तशीच ठेवायची. तिला श्वास घेऊ द्यायचा असतो म्हणे. पहाटेपासून गोठ्यात उभ्या असलेल्या बाईला त्या घरात कुणी पाच मिनिटं श्वास घेऊ दिला नाही, आणि बाटली दम खातीय म्हणून आम्ही सगळे ताटं पुढ्यात घेऊन बसलेलो. मग संजू ग्लासात बोटभर ओतायचा, गोल गोल फिरवायचा, नाक आत खुपसायचा. "ओली माती," म्हणायचा. "मनुका. जरा तंबाखू." मला हातातला वाडगा त्याच्या डोक्यावर उपडा करावासा वाटायचा.

आणि दुसरा ग्लास झाला की विषय निघायचा. विषय एकच, गोठा.

आमचा गोठा घराच्या पाठीमागं, शहराच्या मधोमध असलेल्या गवळी गल्लीत. म्हशी तीन. त्यातली चंद्री आईची लाडकी, कारण चंद्रीची आई आमच्याच दाव्याला जन्मली, आणि तिची आई आबांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आणलेली. संजूच्या बाटलीवर साल छापलेलं असतं. आमच्याकडं वय मोजायचं ते म्हशींच्या पिढ्यांनी. आबा गेल्यावर आईनं गोठा एकटीनं चालवला. संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा. तालमीतली पोरं, ऑफिसातनं घरी चाललेली माणसं, उभ्याउभ्या पिऊन ओठावरचा फेस पुसत जायची.

"आई, ह्या वयात शेण किती दिवस काढणार?" संजू म्हणायचा. "जागा बिल्डरला देऊया. तुला राजारामपुरीत फ्लॅट, लिफ्ट, बाल्कनी. नुसतं संमतीपत्रावर सही करायची."

"बघू की," आई म्हणायची. आमच्याकडं 'बघू की' म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. संजूलाही कळायचं. म्हणून पुढच्या वर्षी तो आणखी चांगली बाटली आणायचा.

आता इथं मी गोठ्याच्या बाजूनं उभी होते असं कुणी समजू नये. मला बघायला आलेल्या एका घरातली बाई जिन्यात नाकाला पदर लावून म्हणाली होती, "पोरगी चांगली हाय, पण घरात जनावरांचा वास येतो." दार उघडं होतं, मला ऐकू आलं. त्या दिवसापासून मी दोन वेळा अंघोळ करते. क्लासमधली पोरं मागनं मला म्हस मॅडम म्हणायची, तेही मला माहीत होतं. मला तो गोठा नको होता. हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. संजू तोंड उघडून मागत होता, मी तोंड मिटून मागत होते, एवढाच फरक. त्याच्या बाटल्यांवर मी चिडायचे, कारण त्याच्यावर चिडलं की आपण आईच्या बाजूचे आहोत असं वाटायचं. स्वस्तातला पुण्यवानपणा!

खरं सांगायचं तर संजूला ते नाक कुठून मिळालं हे मला ठाऊक आहे. ते लंडनचं नाही. आई धारेचा पहिला ग्लास नाकाजवळ न्यायची आणि सांगायची, "आज चंद्रीनं वाडं कमी खाल्लंय. पेंड जुनी हाय, बदलाय पायजे." वाड्याचा म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, सरकीच्या पेंडीचा, पावसाळी गवताचा वास तिला दुधात वेगवेगळा कळायचा. संजू लहानपणी तिच्या मांडीशी बसून तेच करायचा. डोळे मिटून घोट घ्यायचा आणि कुठल्या म्हशीचं ते बरोबर ओळखायचा. पाडव्याला गल्लीतल्या म्हशी सजवून रस्त्यावरनं पळवतात. शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्या आणि घुंगरं, पुढं सायलेन्सर काढलेली मोटरसायकल आणि तिच्या आवाजामागं मालकाची म्हैस धावत सुटलेली. आबांच्या मोटरसायकलवर पुढं टाकीवर संजू बसलेला असायचा आणि "हुर्र" म्हणून ओरडून त्याचा घसा बसायचा. तोच पोरगा मोठा होऊन म्हणतो, गोठ्याच्या वासानं वाईन कळत नाही. ह्या वाक्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

आता पोर्टबद्दल सांगते, कारण सगळा घोटाळा तिथं आहे.

आमच्या घरात दारूला थारा नव्हता. आबा तालमीतले, सुपारीसुद्धा खायचे नाहीत. पण आईच्या कपाटात, हिंगाच्या डब्यामागं, गोव्याच्या पोर्टची एक बाटली कायम असायची. ती दारू नव्हे, औषध. बाळंतिणीला सकाळसंध्याकाळ दोन चमचे, रक्त भरून येतं म्हणून. मी झाले तेव्हा मामानं दुधाच्या टेम्पोतनं गोव्याहून आणली होती, संजूच्या वेळीही आणली. पुढं गल्लीत कुणी बाळंत झाली की घरचं माणूस वाटी घेऊन आमच्या दारात. आणि म्हैस व्याली, थरथरायला लागली, की गूळ-सुंठ कालवून तिलाही. बाई आणि म्हैस ह्यात आई फरक करायची नाही. जिनं जीव जन्माला घातला तिचा तो हक्क. मला त्यातले चमचे घ्यायची वेळ आली नाही. सणावारी कपाट आवरताना बाटली हातात यायची तेव्हा मी ती पुसून परत जागेवर ठेवायचे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी संजूचा फोन आला. आईच्या हाताला पीठ होतं म्हणून मी फोन स्पीकरवर धरला. संजूनं विचारलं, "आई, चंद्री कधी विणार गं?"

आईचे डोळे मोठे झाले. तिकडं गेल्यापासून त्यानं म्हशीचं नाव काढलं नव्हतं. "दिवाळीतच बघ. पाडव्याच्या आगंमागं."

"बरं, बरं. आणि ऐक, ह्या खेपेला एक स्पेशल पोर्ट आणतोय. वीस वर्षं जुनी."

दोन वाक्यं शेजारीशेजारी आली आणि आईनं त्यांची सोयरीक जुळवली. फोन ठेवल्यावर तिनं पिठाचे हात तसेच घेऊन शेजारचं दार वाजवलं. "आगं, माझा संजू चंद्रीच्या बाळंतपणाला परदेशातनं पोर्ट आणतोय! वीस वर्षांची!" संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. गळ्यातल्या पट्ट्याला कवड्या लावून द्यायला दस्तगीरचाचा आले होते, त्यांच्या वडिलांपासून ते आमच्या म्हशींचे पट्टे करतात. ते म्हणाले, "नशीबवान हाईस बाई. आमचा पोरगा पुण्यास्नं साधी चादर आणत न्हाय."

संजूनं चंद्रीचं का विचारलं होतं, हे मला माहीत होतं. दुभत्या म्हशीला गिऱ्हाईक लवकर मिळतं. गोठा मोडायचा तर त्याच महिन्यात मोडलेला बरा, हे तो आधी मला वेगळ्या फोनवर बोलला होता. मी तेव्हाच आईला सांगायला पाहिजे होतं. मी तिनं अर्धवट टाकलेलं पीठ मळत राहिले.

वसुबारसेच्या सकाळी संजू आला. बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या तीन बाटल्या. माझ्या खोलीतल्या टेबलावर त्या मांडून तो म्हणाला, "आक्का, एक पांढरी, एक लाल आणि ही पोर्ट. ह्या वर्षी आईची सही झाली की त्यातली एक उघडायची. कुठली, तू निवड."

मी पोर्टवर बोट ठेवलं. का, ते मला नीट सांगता येत नाही. तिघींत तेवढं एकच नाव माझ्या ओळखीचं होतं, हे एक. बाटली काळी, जाड, खांद्यावर धूळ बसलेली, एखाद्या करारी बाईसारखी, हे दुसरं. आणि आपल्याला कुणी कधी न दिलेली वस्तू आपण स्वतः मागून घेतोय, ह्याचा आनंद झाला, हे तिसरं. आईची सही झाली की, हे शब्द मी ऐकलेच नाहीत असं नाही. ऐकले, आणि तरी बोट ठेवलं.

संजू खूश. "उघडल्यावर बघ आक्का, मनुकांचा वास येतो, आणि जळक्या गुळाचा." मग त्यानं बाटली दिवाणखान्याच्या कोनाड्यात उभी केली आणि घरात दवंडी पिटली : हिला कुणी हात लावायचा नाही, हलवायची तर अजिबात नाही, तळाला गाळ बसलाय, हलली की वीस वर्षांची मेहनत वाया. आई येता-जाता त्या कोनाड्याकडं बघायची. तिनं तिथं पणती लावली.

पाडव्याच्या दुपारी गल्ली रिकामी होती. सगळे म्हशींबरोबर बाहेर. लांबनं सायलेन्सरचे फटफट आवाज आणि घुंगरं ऐकू येत होती. संजू संमतीपत्राचा कागद आणायला बिल्डरकडं गेला होता. आणि चंद्री अडली. तासाभरानं रेडकू बाहेर आलं, रेडी होती, काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका. पण चंद्रीच्या पोटातली वार पडेना. ती उभी राहून थरथरत होती, कान गार पडले होते. जनावरांच्या डॉक्टरांना मी सहा वेळा फोन लावला, नुसती रिंग जात होती. रेडीला वाळक्या पेंढ्यानं पुसत मी खाली बसले होते, हात कोपरापर्यंत बरबटलेले.

"थांब," म्हणून आई घरात गेली आणि बाटली घेऊन आली. दोन्ही हातांनी धरून जोरजोरात हलवत.

"आई, अगं..."

"औषध हलवून द्यायचं असतंय," आई म्हणाली.

बूच काढायचं हत्यार आमच्याकडं कुठलं? तिनं उलथन्याच्या दांड्यानं बूच आत ढकललं. गूळ आणि सुंठ वाटीत तयार होतीच. म्हशीला औषध पाजायची बांबूची नळी घेतली, चंद्रीचं तोंड वर धरलं आणि वीस वर्षं एका तळघरात झोपून काढलेली ती पोर्ट गाळासकट चंद्रीच्या घशात गेली. सगळी. थेंबभर माझ्या मनगटावर उडाली. मनुका, जळका गूळ. त्यात ओला पेंढा आणि बाळंतपणाच्या पाण्याचा वास. संजू खोटं बोलला नव्हता. मी मनगट पेंढ्याला पुसलं.

मला थांबवता आलं असतं. माझे हात भरलेले होते, तोंड नव्हतं. पण मला आतून उकळ्या फुटत होत्या. जिरली, असं वाटत होतं. गोठ्याच्या वासानं वाईन कळत नाही म्हणतोस, आता घे. त्या घटकेला मला ना म्हशीची काळजी होती ना आईची. मला फक्त संजूचं तोंड बघायचं होतं.

अर्ध्या तासात वार पडली. डॉक्टर नंतर म्हणाले, तशी पडलीच असती. आईला ते कधी पटलं नाही.

संजू आला तेव्हा दाराशी बायका जमल्या होत्या. मिरवणुकीतनं परत आलेल्या, हळदकुंकू लावून घ्यायला थांबलेल्या. त्यानं रिकामी बाटली बघितली. "आई! ही बाटली..."

आईनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. तिनं शेणानं भरलेल्या हातानं त्याचा गाल धरला. "बघा गं, ह्यानं आणली. तिकडं राहून ह्याला ठावं, चंद्रीचे दिस भरल्यात. माझ्या म्हशीला वाचवलंस रं बाळा."

संजूनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. मग हा माझा भाऊ हसला. "व्हय आई. चंद्रीसाठीच आणली हुती." कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडात कोल्हापुरी आलं, ते खोटं बोलायला.

बायका गेल्यावर आई हात धुऊन येऊन बसली. तिचा चेहरा मी तसा पुन्हा बघितला नाही. म्हणाली, "मला वाटायचं, तुला गोठ्याची लाज वाटती, म्हणून तू मोड म्हणतोस. रातंदिस तेच डोक्यात. पर तसं न्हाय. ज्याला म्हशीची येवढी माया हाय, त्यो म्हशींचं वाईट करायचा न्हाय. माझं काय वाईट करील? आण त्यो कागद. म्हशी तेवढ्या नेसरीला माझ्या भाच्याकडं जाऊ द्यात, दलालाला न्हाय."

कागद संजूच्या खिशात घडी घालून होता. घडी उलगडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आई शाळा चौथीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर जुळवून सही करते. तिला आठ अक्षरं लिहायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ माझ्याकडं होता. आई, ती बाटली तुझ्या ह्या सहीसाठी होती आणि ती मी निवडलेली होती. एवढं एक वाक्य. तिनं लिहिताना मान वर करून विचारलंसुद्धा, "शालन, बरोबर हाय न्हवं?" मी पणतीत तेल घालायला उठले.

लोक म्हणतात रागाला औषध काळ. काळ कसला औषध! चार वर्षांत माझा राग मुरत गेलाय, तळाला गाळ बसलाय, आणि दर दिवाळीला संजू येऊन तो हलवतो.

गोठ्याच्या जागी इमारत झाली. चंद्री जिथं बांधलेली असायची तिथं कुणाची तरी पांढरी गाडी उभी असते. आम्ही राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, बाल्कनी आहे, माझ्या अंगाला वास येत नाही. मला मिळालं मला पाहिजे होतं ते. आई बाल्कनीत खुर्ची टाकून बसते आणि खालनं जाणाऱ्या रिक्षा बघते. पिशवीतलं दूध पहिल्या दिवशी नाकाजवळ नेलं आणि म्हणाली, "ह्यात कुठलीच म्हस न्हाय." त्यानंतर चहा कोराच पिते. पाडव्याला गल्लीच्या बाजूनं मोटरसायकलींचा आवाज येतो तेव्हा खुर्चीतनं उठून उभी राहते, बसत नाही. मी बस म्हटलं की म्हणते, "म्हशी पळत असताना बसत्यात व्हय?"

आणि तिची ती गोष्ट. लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला, गॅस घेऊन आलेल्याला, समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना. "पावणं, बसा की. माझ्या लेकानं माझ्या म्हशीच्या बाळंतपणाला परदेशातनं पोर्ट आणलेली, वीस वर्षांची." गोठा गेला, धार गेली, कट्टा गेला, त्या सगळ्याच्या बदल्यात तिच्याकडं ही एक गोष्ट उरली आहे, आणि ती खोटी आहे. मी दरवेळी उठून स्वयंपाकघरात जाते. भांडी आपटते. आई म्हणते, "हिला भावाचं कौतुक सोसत न्हाय."

गेल्या आठवड्यात नेसरीहून तिच्या भाच्याचा फोन आला. ती कपाळावर ठिपका असलेली रेडी आता म्हैस झाली आहे. पहिलं वेत आहे, दिवाळीच्या सुमाराला विणार. आईनं फोन ठेवला आणि मला हाक मारली. "संजूला लिव्ह, येताना पोर्ट आण म्हणावं. तसलीच, जुनी. चंद्रीच्या लेकीचं पयलं बाळंतपण हाय. त्यो इसरला असंल, तू आठवण कर."

म्हणून परवा फोटो आल्यावर क्लास सुटेपर्यंत मी कशीबशी थांबले. घरी येऊन बाल्कनीच्या दाराशी उभी राहिले, फोटो मोठा केला आणि एकेका बाटलीवरचं साल वाचलं. डावीकडनं पाचवी, पोर्ट, सगळ्यात जुनी. मी लिहिलं, "पाचवी."

संजू तिकडं तयारच बसलेला. "वा आक्का! नजर आहे तुझी. तीस वर्षांची आहे ती. कुणी खास येणार आहे का?"

"नेसरीची बाळंतीण. चंद्रीची रेडी विणार आहे. आईनं तुला आणायला सांगितलंय."

तो लिहितोय असं दिसलं, मग बंद झालं, परत दिसलं. "मस्करी करू नकोस. तिला गोव्याची साधी देऊ की. आईला काय कळणार आहे?"

आईला काय कळणार आहे! माझ्या कानशिलांतून जाळ निघाला. नाकाजवळ ग्लास नेऊन म्हशीनं सकाळी काय खाल्लं ते सांगणारी बाई ती. जे नाक घेऊन तू लोकांत मिरवतोस ते तिचं आहे रे! मी उभ्याउभ्या टाइप केलं, "मग गोव्याची आण. आणि तिच्यासमोर बसून सांग, त्या वेळची बाटली कुणासाठी होती. तू सांगणार नसशील तर मी सांगते." आणि पुन्हा वाचायच्या आत पाठवून दिलं.

जन्मात पहिल्यांदा मी त्याला काहीतरी खरं बोलले होते. वाटलं, आता तो चिडेल, फोन करेल, कुठलं तरी कारण काढेल, आणि मग एकदाचं सगळं बाहेर पडेल. मी वाट बघत होते. दहा मिनिटांनी एक शब्द आला. "आणतो."

आई खुर्चीत मान वळवून माझ्याकडं बघत होती. "संजू हाय काय? काय म्हणतोय?"

"आणतो म्हणाला."

"म्हणलं नव्हतं मी?" तिचा चेहरा त्या पाडव्याला फुलला होता तसा फुलला. खाली कुणाची तरी रिक्षा वळत होती, ती जाऊ दिली, आणि माझ्याकडं नीट बघत तिनं विचारलं, "शालन, तवाची बाटली त्यानं चंद्रीसाठीच आणली हुती न्हवं?"

असं तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. का विचारलं, मला माहीत नाही. संजूला धमकी देऊन पाच मिनिटंही झाली नव्हती, वाक्य जिभेवर तयार होतं.

"व्हय," मी म्हणाले.

त्या दिवाळीत मी गप्प तरी बसले होते.